ती सावरली आणि मी परकी झाले

(एका वाचकमैत्रिणीचं हे पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, उरलं ते तिच्याच शब्दांत, थोडं आवरून.)

"ताई, आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, वीस-बावीस वर्षं झाली. सुरुवातीला दोघी मजेत प्यायचो, माझं तिथेच थांबलं, तिचं वाढत गेलं. शेवटची सहा-सात वर्षं फार वाईट गेली. तिला कुठून कुठून उचलून घरी आणलंय, अंघोळ घातलीये, तिच्या ऑफिसात फोन करून 'ताप आहे तिला' म्हणून सांगितलंय, पैसे किती दिले ते मोजलेच नाहीत. घरच्यांनी हात टेकले, मी नाही टेकले. आता दहा महिने झाले ती सोबर आहे. आधी उपचार केंद्रात होती, आता एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगना जाते. मला आनंद आहे, खरंच आहे, पण ती माझी राहिली नाहीये. फोन उचलत नाही, दोन दिवसांनी 'बिझी होते गं' एवढा मेसेज येतो. मीटिंगमधल्या बायकांशी मात्र रोज बोलते, ज्यांना ती वर्षभरही ओळखत नाही. सहा महिने झाले तेव्हा मला ओपन मीटिंगला, जिथे बाहेरच्यांनाही येता येतं, बोलावलं होतं. ती बोलली, स्पॉन्सरचे, म्हणजे तिला वाट दाखवणाऱ्या ग्रुपमधल्या जुन्या मेंबरचे, आभार मानले, ग्रुपचे मानले, माझा उल्लेखही नाही. मी मागच्या रांगेत बसले होते. पुढच्या महिन्यात माझा चाळिसावा वाढदिवस आहे, पार्टी आहे, ड्रिंक्स असणार. तिला बोलवू का? तिच्यासाठी ड्रिंक्स रद्द करू का? आणि अजून एक, हे कुणालाच बोलले नाहीये. कधी कधी वाटतं, ती पीत होती तेव्हाच बरं होतं, निदान तिला माझी गरज तरी होती. असं वाटलं की स्वतःची किळस येते. अजूनही रात्री फोन उशाशी घेऊन झोपते, आवाज फुल ठेवून. तिचा फोन आता येत नाही. तरी."

तुला तू म्हणतेय, रागवू नकोस, पत्र वाचल्यावर तुम्ही म्हणवेना.

तुझे प्रश्न दोन आहेत, बोलवू का आणि ड्रिंक्स ठेवू का. त्यांच्याकडे येतेच. पण आधी त्या किळसेबद्दल बोलू, कारण मला वाटतं पत्र तू त्यासाठीच लिहिलंस आणि पार्टीचा प्रश्न हे निमित्त होतं.

लोइस विल्सन नावाची एक बाई होती. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे तुझी मैत्रीण जाते ते एए, ज्या दोघांनी सुरू केलं त्यातल्या बिल विल्सनची बायको. त्यांचं लग्न झालं १९१८ मध्ये आणि बिलची दारू सुटली १९३४ च्या डिसेंबरात. मधली सोळा-सतरा वर्षं तिने काय काय काढलं असेल ते तुला मी सांगायला नको, नोकरी करून घर तिनेच चालवलं. इतकी वर्षं देवाकडे एकच मागणं, याची सुटू दे. सुटली. आणि मग एक दिवस बिल म्हणाला, चल लवकर आवर, मीटिंगला उशीर होईल, तर या बाईने त्या मीटिंगांना शिवी हासडून जोडा फेकून मारला. नंतर तिने स्वतःच हे अगदी प्रांजळपणे सांगितलंय. तिला कळेचना की सगळं चांगलं चाललेलं असताना आपल्याला इतका राग का आला, आणि विचार करता करता तिच्या लक्षात आलं की माझ्या प्रेमाने जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते या कुठल्या कोण लोकांनी बघता बघता करून दाखवलं, ते मला सोसत नाहीये. पुढे १९५१ साली तिने अॅन बी. यांच्यासोबत अल-अॅनॉन सुरू केलं, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी आणि मित्रमैत्रिणींसाठी.

म्हणजे तुझ्या मनात आलं ते ज्या बाईच्या मनात आलं तिने त्याची लाज न बाळगता ते बोलून दाखवलं आणि त्यातून एवढी मोठी गोष्ट उभी राहिली. तुला ती परत प्यायला हवीये असं अजिबात नाहीये गं. तुझी एक जागा होती, सहा-सात वर्षं रात्रंदिवस केलेलं एक काम होतं, ते एका दिवसात संपलं आणि कुणी तुला साधं सांगितलंही नाही की झालं, आता तू बस. त्याचं दुःख आहे ते. त्याला किळस म्हणू नकोस.

आता थोडं अवघड बोलते.

तू लिहिलंयस की तेव्हा तिला माझी गरज होती. मला वाटतं हे वाक्य एकदा उलटून पालटून बघायला हवं. तिला तुझी गरज होती, की तिच्या पिण्याला तुझी गरज होती? ऑफिसात केलेले फोन, न मोजलेले पैसे, अंघोळ घालून झोपवणं, हे तू प्रेमापोटीच केलंस, त्याबद्दल माझ्या मनात कणभर शंका नाही. पण तापाचा फोन गेला की नोकरी वाचायची आणि नोकरी वाचली की पुढच्या महिन्याचं पिणंही वाचायचं. हे मी दोष द्यायला सांगत नाहीये, तेव्हा तुला दुसरं काही दिसत नव्हतं आणि तिला तसंच रस्त्यावर सोडायचं होतं असंही माझं म्हणणं नाही, कदाचित ती जिवंत राहिली ती तुझ्यामुळेच. सांगतेय एवढ्यासाठी की तुझ्या मनात एक हिशोब बसलाय, मी एवढं केलं आणि तिने मला काय दिलं, आणि त्या हिशोबात तू केलेलं सगळं एका रकान्यात टाकलंयस. तिच्याकडून बघितलं तर त्यातलं काही तिला वाचवणारं होतं आणि काही तिचं पिणं लांबवणारं होतं, आणि ते कुठलं कुठलं हे आता दहा महिन्यांनी शुद्धीवर असलेल्या डोक्याने तिला दिसत असणार. कृतज्ञता आणि अवघडलेपण दोन्ही एकदम वाटत असेल तर माणूस फोन उचलत नाही.

आणि त्या बायका, ज्यांना ती वर्षभरही ओळखत नाही. हे तुला सगळ्यात जास्त लागलंय असं दिसतं. परत बिलचंच सांगते. १९३५ च्या मे महिन्यात तो कामासाठी अमेरिकेतल्या अॅक्रन गावी गेला होता, काम फिसकटलं, खिशात फारसं काही नाही, सोबर होऊन जेमतेम पाच महिने झालेले. हॉटेलच्या लॉबीत उभा होता, एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. त्याने चर्चच्या यादीतून एकेका नंबरला फोन लावायला सुरुवात केली आणि मागितलं काय, तर मला बोलायला एखादा दारुडा हवाय. डॉक्टर नको, पाद्री नको. घरी लोइस होती, तिच्याइतकं जवळचं कोण होतं त्याला? पण त्या मिनिटाला त्याला असं माणूस हवं होतं ज्याला काही समजावून सांगावं लागणार नाही आणि जे त्याच्याकडे काळजीने बघणार नाही. त्या फोनाफोनीतून त्याची डॉक्टर बॉब स्मिथशी गाठ पडली, बॉब पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही म्हणून आला आणि दोघं तासन् तास बोलत बसले. त्याच वर्षी १० जूनला बॉबने शेवटची दारू घेतली आणि तोच एएचा स्थापनेचा दिवस धरतात.

हे काम तू करूच शकत नव्हतीस. तू कमी पडलीस म्हणून नाही, तुला दारू सोडावी लागेल अशी ती कधी लागलीच नव्हती म्हणून. त्या बायकांनी तुझी खुर्ची घेतलेली नाही, त्यांची खुर्ची आधी रिकामीच होती.

आता आभारांचं. एएमध्ये शेअरिंग करताना बाहेरच्या माणसांबद्दल लोक जपूनच बोलतात, नाव न सांगणं हा तर तिथला पायाच आहे. पण मला वाटतं कारण त्याहून साधं असेल. स्पॉन्सरचे आभार मानणं सोपं असतं, स्पॉन्सरने तिला ओकताना बघितलेलं नसतं. तुझे आभार मानायला उभं राहायचं तर आधी ते सगळं भरल्या खोलीत बोलायला लागलं असतं, आणि सहाव्या महिन्यात ती ताकद सगळ्यांत नसते. तिने तुला बोलावलं होतं हे विसरू नकोस. एवढ्या लोकांतून तुला बोलावलं.

एएच्या बारा पायऱ्यांमध्ये आठवी पायरी म्हणजे ज्यांना ज्यांना आपण दुखावलं त्यांची यादी करणं, आणि नववी म्हणजे जमेल तिथे प्रत्यक्ष जाऊन ते निस्तरणं, मात्र त्याने समोरच्याला किंवा आणखी कुणाला इजा होणार असेल तर नाही. या पायऱ्या कुणी लवकर करतं, कुणाला दोन-तीन वर्षं लागतात, कुणी करतही नाही. तुझं नाव त्या यादीत वरच असणार असं मला वाटतं. पण त्या दिवसाची वाट बघत बसू नकोस, ती माफी तू मनात आधीच लिहून ठेवलीस तर तिने आणलेली माफी तुला कमीच वाटेल.

माझ्याबद्दल एक सांगते. माझी एक मैत्रीण या सगळ्यातून गेली, बरीच वर्षं झाली आता. ती केंद्रातून बाहेर आल्यावर आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा चालायला गेलो होतो. तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती सारखी तिचं झाकण उघडायची, परत लावायची, उघडायची, लावायची, पाणी प्यायचीच नाही. मी एकीकडे काहीबाही बोलत होते आणि माझे डोळे त्या बाटलीवर. खरं म्हणजे मी वास घेत होते. तिच्या शेजारून चालताना मी नाकाने वास घेत होते, सवय, दुसरं काय. आणि तिला ते कळत होतं. थोड्या वेळाने तिने बाटली माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, घे, पी, पाणीच आहे. मी प्यायले. पाणीच होतं. मला आजही तो घोट आठवला की कसंतरी होतं. त्यानंतर चार-पाच महिने ती मला भेटली नाही आणि मला तेव्हा फार राग आला होता, आता नाही येत. बरं होऊ पाहणाऱ्या माणसाला रोज तपासणीला कोण उभं करतं, तर आपण, जवळची माणसं, आणि आपल्याला ते करतोय हे माहीतही नसतं. तू तिच्या आवाजात अजून जडपणा शोधत असशील ना? मेसेजमधल्या स्पेलिंगच्या चुका? उशिरा आलेल्या उत्तराचा अर्थ? शोधत असशीलच, इतकी वर्षं तेच केलंयस.

आणखी एक गोष्ट आहे, त्यात तुझी किंवा तिची कुणाचीच चूक नाही. व्हिएतनाम युद्धात कितीतरी अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी घरी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या दहाएक महिन्यांत परत व्यसनात अडकलेले निघाले फक्त ५ टक्के. कारणं अनेक असतील, पण एक उघड आहे, ती जागा, ती माणसं, तो दिवसाचा क्रम, सगळं मागे राहिलं. तुझ्या मैत्रिणीला मात्र विमानात बसून दुसऱ्या देशात जायचं नाहीये, तिला तिथेच राहून जग बदलायचंय. तिच्या डोक्यात पिण्याशी जोडल्या गेलेल्या हजार गोष्टी आहेत, एखादा रस्ता, शुक्रवारची संध्याकाळ, ग्लासचा आवाज, एखादं हसणं. आणि सॉरी, पण त्यातली एक तू आहेस. पहिली काही वर्षं तुम्ही सोबतच प्यायचात हे तूच लिहिलंयस. तुझा चेहरा समोर आला की तिच्या मेंदूला काय काय आठवत असेल ते तिच्या हातात नाही. हे कायमचं नसतं, नव्या आठवणींचे थर बसत गेले की जुन्यांचा जोर ओसरतो, पण त्याला महिने नाही, कधी कधी वर्षं लागतात.

मग करायचं काय. पहिल्यांदा हे की तुमची पुढची भेट त्या पार्टीत होऊ देऊ नकोस. माझं यावर अगदी ठाम मत आहे. महिनोन् महिने धड न बोललेल्या दोन मैत्रिणी, आजूबाजूला सगळ्यांच्या हातात ग्लास आणि सगळ्यांचं लक्ष तिच्या ग्लासकडे, ही भेट तिलाही जड आणि तुलाही, आणि तुझा चाळिसावा वाढदिवस तिच्यावर पहारा देण्यात जाईल. आधी एकदा भेट, दोघीच, सकाळची वेळ, तास-दीड तास, जिथे तुम्ही कधी प्यायला नव्हतात अशा ठिकाणी. चालायला जाणं सगळ्यात बरं, समोरासमोर बसून एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. भेटल्यावर किती दिवस झाले, मीटिंग कशा चालल्यात, त्रास होतो का, हे तू विचारू नकोस, ती बोलली तर ऐक. तू तुझं सांग. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण किती वर्षं झाली तू तिला तुझं काही सांगून? सगळं बोलणं तिच्याभोवतीच फिरत राहिलं असणार. तुझ्या कामाचं, घरचं, तुला मध्ये कशाची भीती वाटली होती त्याचं सांग. तिला तुझ्यासाठी काहीतरी करू दे, अगदी फालतू असलं तरी. इतकी वर्षं फक्त घेत आलेल्या माणसाला देता येतं हे कळणं फार मोठं असतं.

पार्टीचं तिला त्याच भेटीत किंवा फोनवर सरळ सांग. ड्रिंक्स असणार आहेत, तू आलीस तर मला आवडेल, नाही आलीस तर मी मनाला लावून घेणार नाही, तू ठरव आणि त्या दिवशी संध्याकाळी ठरवलंस तरी चालेल. आणि मग खरंच मनाला लावून घेऊ नकोस, नाहीतर हे बोलूच नकोस. न सांगता बोलावणं किंवा 'तिला त्रास होईल' म्हणून परस्पर नावच गाळणं, दोन्ही वाईट, दोन्हीत तू तिच्या वतीने ठरवतेस आणि तेच तर आता थांबायला हवंय. स्पॉन्सरशी बोलून ठरवते असं ती म्हणाली तर तोंड पाडू नकोस, चांगलं लक्षण आहे ते.

ती आलीच तर काही बारीक गोष्टी. तिच्यासाठी प्यायला नीट काहीतरी ठेव, जे बाकीचेही घेतील असं, तिचा ग्लास वेगळा उठून दिसायला नको. ग्रुपमध्ये एक जण असतोच 'अगं एकाने काय होतंय' म्हणणारा, त्याला आधीच बाजूला घेऊन सांग, मस्करीत नाही, स्पष्ट सांग. कुणी गंमत म्हणून ज्यूसमध्ये काही मिसळणार नाही हे बघ, असे लोक असतात आणि ती गंमत नसते. तिची यायची-जायची सोय तिच्या हातात असू दे म्हणजे वाटलं की अर्ध्या तासात निघता येईल, आणि ती निघाली तर 'काय झालं, थांब ना' म्हणत दारापर्यंत मागे जाऊ नकोस.

ड्रिंक्स रद्द करायचे का? तुला स्वतःला तसा वाढदिवस आवडणार असेल तर जरूर कर, दारूशिवाय चाळीस वर्षांची झालीस म्हणून काही बिघडत नाही. पण 'मी तुझ्यासाठी माझी पार्टीसुद्धा' असं पुढे कधीतरी तोंडातून निघणार असेल तर करू नकोस. तुझ्या जुन्या हिशोबात अजून एक ओळ वाढेल आणि तिच्या डोक्यावर अजून एक कर्ज. तुझ्या स्वतःच्या पिण्याबद्दल तू एका वाक्यात पुढे गेलीस, माझं तिथेच थांबलं म्हणून. थांबलं असेल तर उत्तमच. एकदा शांतपणे तपासून बघ एवढंच म्हणते.

आता स्लिपचं, म्हणजे सोडल्यावर परत घेतली जाण्याचं, बोलायला हवं, कारण पत्रात तू त्या शब्दाच्या आसपासही गेली नाहीस आणि उशाशी मात्र फोन ठेवतेस. उपचारानंतर वर्षभरात साधारण ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घेतात, आणि या विषयातले डॉक्टर त्याची तुलना दमा किंवा ब्लड प्रेशर उलटण्याशी करतात, म्हणजे आजार परत डोकं वर काढतो, उपचार बदलावे लागतात, माणूस नापास झाला असं नाही. अॅलन मार्लाट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यात एक फार कामाचा फरक दाखवला, पाय घसरणं वेगळं आणि खाली कोसळणं वेगळं. एकदा घेतली की माणसाला वाटतं, झालं, गेलं सगळं वाया, आता थांबून तरी काय उपयोग, आणि घोटापेक्षा हा विचारच त्याला जास्त लांब ओढून नेतो. म्हणून तिने कधी सांगितलंच की घेतली, तर 'तरी मला वाटलंच होतं' हे वाक्य गिळून टाक. 'मला सांगितलंस हे बरं केलंस, स्पॉन्सरला फोन केलास का?' बास. पैसे देऊ नकोस, ऑफिसात फोन करू नकोस. तिची बाटली तू शोधून ओतून देऊ नकोस. अंधार पडायच्या आत तिच्या माणसांपैकी कुणीतरी तिच्यापाशी आहे ना, तेवढं बघ.

आणि एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेव, हे ज्यांच्या जवळचं कुणी या वाटेवर आहे त्या सगळ्यांसाठी. कुणी पुन्हा रोज भरपूर प्यायला लागलं असेल तर खोलीत कोंडून एकदम बंद करायला लावू नका. दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून भ्रम, थरथर, ताप अशी अवस्था येऊ शकते आणि त्यात जीव जाऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं. आणि दारूऐवजी हेरॉइन किंवा वेदनाशामक अफूजन्य औषधांचं व्यसन असेल तर धोका उलट्या बाजूने असतो, काही आठवडे-महिने बंद राहिलं की शरीराची सहनशक्ती उतरते आणि आधी पचणारा डोसच जीवघेणा ठरतो. श्वास मंद झालाय, ओठ निळे पडलेत, हलवून जाग येत नाहीये असं दिसलं तर झोपलाय म्हणून सोडू नका, लगेच अँब्युलन्स. नॅलोक्झोन, म्हणजे अफूजन्य औषधांचा असर उतरवणारं औषध, मिळत असेल तर ते घरात ठेवून ते कसं द्यायचं हे आधीच शिकून घ्या.

तुझ्या पत्रासारखंच एक दुसरं पत्र मला नेहमी येतं, उलट्या बाजूचं, सोबर झालेल्या माणसाचं, की जुन्या मित्रांना कसं सांगू. ते वाचत असतील तर त्यांच्यासाठी दोन ओळी. गायब होऊ नका. 'मला अजून काही महिने लांब राहायचंय, तुझ्यावर राग नाही, मी स्वतःहून फोन करेन' एवढं एकदा लिहून पाठवा. 'बिझी होते' हे वाक्य आणि पिण्याच्या दिवसांतलं 'बरं नव्हतं' हे वाक्य समोरच्याला एकसारखंच ऐकू येतं, आणि मग तो माणूस परत रात्रीचा जागत बसतो.

तुला एक मेसेज सुचवते, तुझ्या शब्दांत बदलून घे. "तुझी आठवण येते. तू बरी आहेस याचा मला आनंद आहे आणि आपण पूर्वीसारख्या नाही याचं वाईटही वाटतं, दोन्ही खरं आहे. मला तुझ्याकडून काही नकोय, एकदा सकाळी चालायला जाऊ या का? आता जमणार नसेल तर तसं सांग, मी थांबेन." पाठव आणि मग आठ-दहा दिवस मागे लागू नकोस. 'थांबेन' लिहून तिसऱ्या दिवशी प्रश्नचिन्ह पाठवू नकोस. ती नाही म्हणाली किंवा काहीच बोलली नाही तर तुला रडू येईल, येऊ दे, वीस वर्षांच्या मैत्रीसाठी रडायला माणूस मरावंच लागतं असं नाही. तसं झालं तर पार्टीचं निमंत्रण असाच एक साधा मेसेज करून दे, ड्रिंक्स असणार आहेत हे त्यात लिहून, आणि विषय तिच्यावर सोड. काही मैत्र्या परत येत नाहीत असंही होतं, माझी आली, सगळ्यांची येते असं मी तुला खोटं सांगणार नाही.

पण तिचं उत्तर येवो न येवो, अल-अॅनॉनच्या एखाद्या मीटिंगला तू जाऊन ये. नवरा-बायको-आईवडीलच हवेत असं काही नसतं, मैत्रीण चालते, तिथे गेल्यावर तुला कुणी कोण लागते ती तुझी असं विचारणार नाही. मीटिंग ऑनलाइनही असतात. पहिल्या दोन-तीनदा काही बोलू नकोस, फक्त ऐक, तुझंच पत्र वेगवेगळ्या तोंडांतून ऐकू येईल. तिथलं नाही पटलं तर समुपदेशक गाठ, पण हे एकटीने पोटात ठेवू नकोस. सहा-सात वर्षं सतत सावध राहिलेलं शरीर एका दिवसात सैल पडत नाही, तुझी झोप, तुझी चिडचिड, उगाच होणारी धडधड, हे सगळं त्याच हिशोबातलं असू शकतं आणि त्यालाही उपचार लागतात.

आणि तो फोन. तिच्याकडे आता रात्री दोनला लावायला नंबर आहेत, स्पॉन्सरचा आहे, ग्रुपमधल्या बायकांचे आहेत, आणि त्यातली एक तरी उचलेल कारण कधीतरी त्यांच्यासाठीही कुणीतरी उचललाय. तू आज तुझा फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. पहिल्या रात्री झोप लागणार नाही, दोन-तीनदा उठून बघून येशील, ये बघून. दुसऱ्या रात्री परत तिथेच लाव.